पोटात शिरल्याशिवाय गोत्र कळत नाही

जीवाश्माच्या आतल्या अवयवांविषयी बोलणं म्हणजे हवेत मनोरे बांधणं, असं मानणारे अजून भेटतात. मांस कुजतं, कॅल्साइटचा सांगाडा तेवढा उरतो. तेव्हा भंगुरतारा, म्हणजेच ब्रिटल स्टार, बाहेरच्या रूपावरून ओळखावा आणि गप्प बसावं, हा त्यांचा सल्ला. ऐकायला शहाणपणाचा, पण पुराव्यापुढे लटका.

जर्मनीत बुंडेनबाखच्या डेव्होनियन पाटीदगडात आणि अमेरिकेत केंटकीच्या त्याहून जुन्या ऑर्डोव्हिशियन खडकात भंगुरताऱ्यांचे नलिकापाद पायराइटच्या रूपात टिकले आहेत. इंग्लंडमधल्या हर्फर्डशरनं तर कमालच केली. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखीच्या राखेनं समुद्रतळावरचे जीव गाडले गेले. देह कुजून झालेल्या पोकळ्यांत कॅल्साइट भरलं. डेलाकोमा हा प्राणी तिथलाच. पुराजीवशास्त्रज्ञ सॉल्टर यांनी १८५७ साली या प्रजातीला नाव दिलं आणि पुढे ती भंगुरताऱ्यांत मोडू लागली. २००५ साली पुराजीवशास्त्रज्ञ मार्क सटन आणि सहकाऱ्यांनी तिथले नमुने थराथरानं घासले, प्रत्येक थराचा फोटो काढला आणि त्या फोटोंतून संगणकावर प्राणी उभा केला. त्याच्या पचनसंस्थेत पायलोरिक, म्हणजे जठराशी जोडलेला, भाग निघाला. आजच्या तारामाशात या भागाच्या जोडशाखा प्रत्येक भुजेत जातात. भंगुरताऱ्याचं पोट मात्र सहसा मधल्या चकतीतच थांबतं.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. आजच्या भंगुरताऱ्याच्या भुजेत जागाच नसते: दोन बाजूंच्या अस्थिका जुळून मणके झालेले, भोवती स्नायू, आणि जलनलिका भुजेच्या आत बंदिस्त. आरंभीच्या जातींत मात्र या अस्थिका सुट्या होत्या, म्हणजे जागा असू शकत होती. मग पायलोरिक भाग ही तारामासे आणि भंगुरतारे या दोघांच्या समाईक पूर्वजाची ठेव नसेल कशावरून? असूही शकेल. एवढ्या एकाच खुणेवर मीही निकाल दिला नसता. पण डेलाकोमाच्या अंगावर दोन झडपांचे मोठे चिमटेही सापडले. त्यांच्या सुट्या झडपा पूर्वी बुर्सुलेला या वेगळ्याच नावानं नोंदल्या गेल्या होत्या! असे चिमटे तारामाशांत आणि समुद्री साळूंत असतात, भंगुरताऱ्यांत नसतात. दोन खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा जुनं लेबल कवटाळून बसणं हा निव्वळ हट्ट.

राहिली ओरड नमुना नष्ट केल्याची. नमुना गेला, हे खरंच आहे. पण इथे दगड आणि जीव दोन्ही कॅल्साइटचे. एक्स-रे स्कॅनला त्यांत फरक दिसत नाही. न घासलेला नमुना कपाटात सुखरूप राहिला असता, आणि चुकीच्या खणात. डेलाकोमाची जागा तारामाशांकडे आहे.