मुलींसमोर हे वाक्य बोलू नका



दिवाळीच्या सुट्टीत लेक चारठाण्याला माहेरी आली होती. सातवीतली नात वही घेऊन ओट्यापाशी आली. दोन रेषा एकमेकींना छेदतात, चार कोन होतात. एक 65 अंशांचा, उरलेले तीन काढा. ती कोनमापक लावून मोजत होती. कधी 63 येई, कधी 118. तेवढ्यात लेक आतून म्हणाली, "सोड गं, आपल्याकडं बायकांना गणित येतच नाही."

मला चटका बसला, कारण ते वाक्य माझंच होतं. मी बी.कॉम. झालेली, तरी लेक दहावीत भूमितीत अडली तेव्हा मीच म्हणाले होते, "जाऊ दे, मुलींना कुठं लागतंय!" हुशार पोर, पण पुढं तिनं गणित सोडलं.

मी गॅस बंद केला. खराट्याच्या दोन काड्या ओट्यावर आडव्या-तिडव्या ठेवल्या आणि नातीला एक कोन मोठा करायला सांगितलं. समोरचाही तेवढाच मोठा झाला, शेजारचे दोन्ही लहान झाले. मग म्हटलं, आता कोनमापक ठेव बाजूला. सरळ रेषेवर शेजारी-शेजारी बसलेल्या दोन कोनांची बेरीज 180. महिन्याचे पैसे ठरलेले असले की खर्च वजा करून शिल्लक कळते, तसंच हे. 180 मधून 65 गेले, 115 उरले. समोरासमोरचे कोन सारखे का? तर दोघांचा शेजारी एकच, आणि दोघांनाही त्याच्याबरोबर 180 च पुरे करायचे आहेत. म्हणून 65, 115, 65, 115. काहीच मोजावं लागलं नाही.

काही जणी म्हणतील, पोळ्या लाटताना कोन कुठं लागतात? खरं आहे. पण जे दिलंय त्यावरून जे दिलं नाही ते काढायची सवय लागते ना! ती सवय नाही म्हणूनच दुकानाच्या, बँकेच्या कागदांवर "इथं सही कर" म्हटलं की आपण न वाचता सही करतो. आकडा आपल्याला कळणारच नाही, हे आधीच ठरलेलं असतं.

आणि हे आपल्या परंपरेतही बसत नाही. इ.स. 850 च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. ग्रंथाची सुरुवात जिनेंद्रांना वंदन करून होते आणि पुढं व्याज, वाटणी, क्षेत्रफळ, सावलीवरून वेळ, असं सगळं येतं. आपल्या आचार्यांना गणित धर्माबाहेरचं वाटलं नाही, मग आपण ते मुलींच्या आवाक्याबाहेरचं का ठरवायचं?

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. उत्तर येत नसेल तर "चल, मिळून बघू" म्हणा. "आपल्याला येत नाही" हे मुलीसमोर म्हणू नका. ती ते खरं मानते, आणि पुढं आपल्या मुलीलाही सांगते.

नातीचं पुढचं गणित होतं: शेजारच्या दोन कोनांपैकी एक दुसऱ्याच्या दुप्पट, तर दोन्ही काढा. नात विचार करत होती. आतून लेकीचा आवाज आला, "60 आणि 120 ना गं आई?"