जुने अ‍ॅकॉर्डियन घेताना

मुलाला अ‍ॅकॉर्डियन शिकायचे आहे, पण नवे परवडत नाही? जुने जरूर घ्यावे, मात्र वरच्या चकाकीला भुलू नये. आधी वास घ्यावा. कुबट वाद्य घेऊ नये. भात्याचे बंद सोडून, पट्ट्यांची बाजू वर धरावी व काहीही न दाबता भाता लोंबू द्यावा. तो झरकन उघडला, तर हवा गळते आहे. प्रत्येक पट्टी भाता ओढताना आणि दाबतानाही वाजवावी, कारण दोन्हींचे रीड वेगळे असतात. १२० बटणांचे वाद्य सुमारे दहा किलोचे असते. मुलाला ४८ बटणांचे पुरते. रीडचे मेण सुकले असेल, तर स्वस्त वाद्यही दुरुस्तीत महाग पडते. म्हणून जाणकाराला सोबत न्यावे.