चौदा फुटांचा संसार

नवराबायकोचं खरंच किती पटतं हे तपासायचे आपल्याकडे ठरलेले मार्ग आहेत. पत्रिका जुळवायची, सहा महिने कॉफी पीत फिरायचं, नाहीतर सरळ दोघांनी मिळून खोक्यातून आलेलं कपाट जोडायला बसायचं. ऑस्ट्रेलियात आणखी एक मार्ग आहे आणि तो फुलप्रूफ आहे. गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडायची आणि कॅरॅव्हॅन पार्कमधल्या चिंचोळ्या जागेत ती रिव्हर्समध्ये लावायची. एकाने स्टिअरिंग धरायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून हातवारे करायचे. गंमत म्हणजे, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की मागची व्हॅन उजवीकडे जाते! आजूबाजूचे जुनेजाणते लोक संध्याकाळी खुर्च्या टाकून, हातात गार बिअर घेऊन हा कार्यक्रम बघत बसतात. तिकीट नाही, काही नाही, नुसती धमाल.

गेल्या एप्रिलमध्ये हा कार्यक्रम आम्ही दहा दिवस सादर केला.

आम्ही म्हणजे मी आणि नवरोबा. दोघंही पुण्याचे, दोघंही आयटीतले, चार वर्षांपासून मेलबर्नमध्ये. बुकिंग कधीच झालं होतं. मरे नदी एचुका गावापाशी गाठायची आणि तिच्या काठाकाठाने समुद्रापर्यंत जायचं. पण निघायच्या आठवडाभर आधी मला सिडनीच्या ऑफिसमधून टीम लीडची ऑफर आली. मेलबर्न ते सिडनी रस्त्याने जवळजवळ नऊशे किलोमीटर. नवरोबाचं काम मेलबर्नमधून हलण्यासारखं नाही. उत्तर द्यायला मुदत तीन आठवडे. त्यावर आमची चर्चा काय झाली म्हणाल, तर 'रात्री बोलू'. रात्री भारतातल्या टीमचा कॉल. मग 'वीकेंडला बोलू'. वीकेंडला कपडे, किराणा, दोन्हीकडच्या आईबाबांशी व्हिडिओ कॉल. तुम्ही दोघंही नोकरी करत असाल, तर पुढचं मी सांगायला नको.

भाड्याने घेतलेली आमची व्हॅन होती चौदा फुटांची. आत एक पलंग, दोन बर्नरचा गॅस, बुटका फ्रिज, जेवणाचं टेबल आणि ऐंशी लिटरची पाण्याची टाकी. गाडी चालू असताना व्हॅनमध्ये कोणी बसायचं नाही, हा नियम. त्यामुळे दिवसा दोघं गाडीत शेजारी शेजारी, रात्री व्हॅनमध्ये शेजारी शेजारी. 'मी जरा आतल्या खोलीत आहे' असं म्हणायला आतली खोलीच नाही!

एचुका मेलबर्नपासून दोनसव्वादोनशे किलोमीटर. तिथल्या मूळच्या यॉर्टा यॉर्टा लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ पाण्यांचा संगम. १८६४मध्ये मेलबर्नहून इथे रेल्वे आली, पुढच्याच वर्षी रेड गमच्या लाकडाचा धक्का बांधला गेला आणि बघता बघता हे देशातलं मोठं नदीबंदर झालं. आतल्या मुलखातली लोकर वाफेच्या बोटींनी इथे यायची आणि रेल्वेने मेलबर्नला जायची. भरभराटीच्या काळात धक्का ३३२ मीटर लांब होता. आज त्याचा थोडासाच भाग उरलाय. पुढे इतर गावांनाही रेल्वे मिळाली आणि बोटींची गरज संपली. पण १८६६ची 'अॅडलेड' ही लाकडी बोट अजून तरंगते. चाकं छपछप करत, धूर सोडत बोटी आजही टुरिस्टांना फिरवतात. आम्हीही फिरलो. फोटोंचा पाऊस पाडला. सिडनीचा विषय नाही.

त्या रात्री पार्कमधल्या शेजारच्या आजींनी आम्हाला गुरुमंत्र दिला. निवृत्त झाल्यावर घर बंद करून वर्षानुवर्षं व्हॅनमधून देश फिरणारे असे आजीआजोबा इथे जागोजागी भेटतात. त्यांना 'ग्रे नोमॅड्स' म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे भटके. आजी म्हणाल्या, ''स्टिअरिंगला हात खालच्या बाजूला धर. व्हॅनचं बूड जिकडे न्यायचंय तिकडे हात ने. आणि मागे उभ्या राहणाऱ्याने काय ओरडायचं, ते इंजिन सुरू करण्याआधी ठरवा. नंतर ठरवायला जाल तर भांडण होईल.'' दुसऱ्या दिवशी स्वान हिलला मी दोन प्रयत्नांत व्हॅन लावली. समोरच्या काकांनी बिअरचा कॅन उंचावून सलामी दिली!

काठावर सगळीकडे रेड गमची झाडं. निलगिरीच्याच कुळातली, पण अवाढव्य. सावली बघून नवरोबा म्हणाला, ''चल, इथेच खुर्च्या टाकू.'' तर पार्कवाल्याने लगेच हटकलं. ही झाडं अगदी शांत हवेतही अख्खी फांदी अचानक खाली सोडतात. तेव्हा रेड गम लांबून बघायचे, त्याखाली बिऱ्हाड थाटायचं नाही.

नदीची मालकी हाही एक भन्नाट प्रकार. दक्षिणेला व्हिक्टोरिया, उत्तरेला न्यू साउथ वेल्स. मधली नदी दोघांची अर्धी अर्धी असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाही. हद्द आहे दक्षिण काठावर. म्हणजे अख्खं पात्र न्यू साउथ वेल्सचं. व्हिक्टोरियाच्या काठावर बसून गळ टाकायचा, तरी लायसन्स पलीकडच्या राज्याचं लागतं! कृष्णेच्या पाण्याच्या बातम्या आणि 'लवाद' हा शब्द वाचत मोठे झालेलो आम्ही. एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

माहेराचा आणखी एक धागा मिल्ड्युरात सापडला. लालभडक कोरड्या माळावर अचानक द्राक्षांचे मळे आणि संत्र्यांच्या बागा सुरू होतात. ही करामत चॅफी बंधूंची. मूळचे कॅनडाचे हे दोघं भाऊ कॅलिफोर्नियात पाटपाण्यावर वसाहती उभारत होते. व्हिक्टोरियातले राजकारणी आल्फ्रेड डीकिन १८८५मध्ये तिथलं सिंचन बघायला गेले आणि हे दोघं त्यांच्या नजरेत भरले. १८८७मध्ये मिल्ड्युराची वसाहत सुरू झाली. पंपांनी नदीचं पाणी वर चढवून माळावर सोडलं गेलं. गावातले रस्तेही अमेरिकन थाटाचे, चक्क नंबरांचे. हेच डीकिन पुढे आपल्याकडचे कालवे बघायला भारतात आले, त्यावर १८९३मध्ये 'इरिगेटेड इंडिया' नावाचं पुस्तक लिहिलं आणि नंतर ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले.

चॅफींची कंपनी मात्र १८९०च्या दशकात बुडाली. जॉर्ज अमेरिकेला परत गेला, विल्यम मिल्ड्युरातच राहिला आणि १९२६मध्ये तिथेच वारला. हे वाचून मी नवरोबाकडे बघितलं. तो म्हणाला, ''काय? मी विल्यम का?'' सिडनीच्या विषयाला पहिल्यांदा तोंड फुटलं ते असं.

पुढचा मुक्काम वेंटवर्थ, तासाभराच्याही आत. इथे डार्लिंग नदी मरेला मिळते. दोन रंगांची पाणी थोडा वेळ शेजारून वाहतात आणि मग मिसळतात. तिथे बाकावर बसून आम्ही दोन तास बोललो. गोड वगैरे नाही, चांगलंच खडाखडी. ''तू ऑलरेडी ठरवलंयस.'' ''तू विचारलंयस कधी?'' ''तुझं करिअर, माझा विरोध नाही.'' ''विरोध नाही म्हणजे पाठिंबा आहे का रे?'' रात्री व्हॅनमध्ये पाठ करून झोपायचं म्हटलं, तरी पाठीला पाठ लागत होती.

सकाळी भांडण बाजूला ठेवावंच लागलं, कारण साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना फळमाशीची तपासणी असते. फळं, टोमॅटो, मिरच्या, लिंबं काहीही न्यायचं नाही. मेलबर्नहून जिवापाड जपून आणलेल्या मिरच्यांचा नवरोबाने निघण्याआधी ठेचा केला आणि आम्ही तो पावाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत संपवला. हद्द ओलांडली की घड्याळ अर्धा तास मागे जातं. ''घे, अर्धा तास फुकट मिळाला,'' तो म्हणाला. ''कोणाच्या वाट्याला घालायचा?''

वाटा हा शब्द मग पुढे सोबतच आला. रेनमार्क, वायकेरी, मॉर्गन. मॉर्गनला नदी एकदम दक्षिणेला वळते. उंच पिवळे कडे, बंधारे, बोटींना वरखाली करणारी लॉक्स आणि गाड्या पलीकडे नेणारे तराफे. हे तराफे सरकारचे, चोवीस तास आणि फुकट. गावागावात १९५६च्या महापुराच्या खुणा आहेत. २०२२च्या डिसेंबरात पुन्हा मोठा पूर आला. पण इथल्या लोकांना पुराइतकीच, किंबहुना जास्तच, भीती वाटते ती पाणी न येण्याची.

का ते गुलवाला कळलं. २,५०० किलोमीटर वाहून आलेली नदी इथे समुद्राला मिळते. निदान मिळायला हवी. वरच्या राज्यांतली शेतं, बागा, शहरं आपापलं पाणी उचलतात. शेवटी जे उरेल ते मुखाला. १९८१मध्ये नदीचं मुख वाळूने चक्क बंद झालं होतं. पुढच्या मोठ्या दुष्काळात, २००२ ते २०१० अशी आठ वर्षं, ते उघडं ठेवायला ड्रेजर लावून वाळू उपसावी लागली. कोणी मुद्दाम नदीचं वाईट केलं नव्हतं. प्रत्येकाची गरज खरीच होती. फक्त नदीचा नंबर शेवटचा होता.

मग २००७मध्ये पाण्याचा नवा कायदा झाला आणि २०१२मध्ये सगळ्या मरे-डार्लिंग खोऱ्याचा आराखडा. कल्पना साधी आहे: नदीचा स्वतःचाही एक हक्काचा वाटा धरायचा, उरलंसुरलं तिला द्यायचं नाही. त्यासाठी सरकारने शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घेतले. हे गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. २०१०मध्ये ग्रिफिथच्या शेतकऱ्यांनी या आराखड्याच्या पहिल्या मसुद्याच्या प्रती जाळल्या. पाणी गेलं की गावातली दुकानं, शाळाही जातात, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. खालचे लोक म्हणतात, अजूनही पुरेसं येत नाही. वाद चालूच आहे. पण निदान हिशेब मांडून चालू आहे.

गुलवाच्या पार्कमध्ये त्या रात्री आम्ही आमचा हिशेब मांडला. कागदावर, खरोखरचा. आठवड्याचे तास १६८. ऑफिस, प्रवास, झोप, जिम, भारतातले कॉल, आईबाबा, मित्र, मोबाइल. सगळ्यांचे वाटे धरल्यावर दोघांसाठी किती उरले? एकाच घरात राहून आठवड्याला साडेचार तास. त्यातही दीड तास टीव्हीसमोर.

नवरोबा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ''मला वाटत होतं, तू सिडनीला गेलीस तर आपलं काहीतरी जाईल. इथे जायला फारसं शिल्लकच नाहीये.''

मला रडू आलं. चौदा फुटांत ते लपवायला जागा नव्हती, हे बरंच झालं.

मग ठरलं ते असं. सिडनीची नोकरी घ्यायची, एका वर्षासाठी. दर दुसरा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र आमची. एकदा तो येणार, एकदा मी जाणार. सहा महिन्यांची तिकिटं एकदम काढायची. लॅपटॉप येणार नाही. बाकी सगळ्यांनी त्यानंतर आपापला वाटा घ्यायचा. आणि वर्ष संपल्यावर पुन्हा कागद काढायचा. तेव्हा 'नाही जमत' म्हणायची मुभा दोघांनाही. मुदत संपायला दोन दिवस असताना मी होकाराचा ई-मेल पाठवला.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ''अगं, आमचे हे तेवीस वर्षं फिरतीवर होते. कधी येणार ते सांगायचेसुद्धा नाहीत. तुम्ही तारखा तरी ठरवल्यात.''

सिडनीला येऊन आता पाच महिने झाले. सगळं गोड गोड चाललंय असं नाही. मंगळवारची संध्याकाळ जाम खायला उठते. एक फ्लाइट रद्द झाली, एकदा दोघांनी मिळून तापच काढला. पण साडेचार तासांपेक्षा आम्ही कितीतरी पुढे आहोत. मागच्या महिन्यात मॅनेजरने विचारलं, ''या शनिवारी रिलीज आहे, येशील ना?'' मी कॅलेंडर उघडून दाखवलं. म्हटलं, ''सॉरी, या शनिवारचं पाणी आधीच सोडलंय.'' त्याला काही कळलं नाही. रिलीज सोमवारी झालं.