ट्रॉलीच्या मागचा दिवा



कापूस वेचणीला आला की रस्त्यावर ट्रॉल्या दिसू लागतात आणि अंधार पडला की दिसेनाशा होतात. नांदगाव, येवला, मालेगाव, चांदवड या तालुक्यांच्या कोरडवाहू गावांतले हे नेहमीचे चित्र आहे. मजूर दिवस मावळताना मोकळे होतात, भरायला दोन तास जातात, ताडपत्री टाकून दोर आवळेपर्यंत रात्र झालेली असते. मग ट्रॅक्टर मुंबई-आग्रा रस्त्याला लागतो. पुढे दोन दिवे असतात. मागे काय असते ते चालवणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो त्याचा विचारही करीत नाही.

बैलगाडीच्या काळात आसाखाली कंदील टांगलेला असे. गाडीवान झोपला तरी कंदील हलत राही आणि मागच्याला पुढे काही चालले आहे एवढे कळे. गाडी गेली, ट्रॉली आली. ट्रॉलीवर दहा गाड्यांचा माल चढू लागला आणि कंदील मात्र घरी राहिला.

मागून येऊन आदळतो कोण? ट्रकवाला आदळतो, जीपवालाही आदळतो. पण ट्रकवाला बहुधा वाचतो. मरतो तो मोटारसायकलवरचा. तो मुंबईचा कोणी साहेब नसतो. बाजार करून किंवा लग्न आटोपून गावाकडे परतणारा आपलाच पोरगा असतो. हिशेब करून पाहा. ताशी ६० च्या वेगाने मोटारसायकल एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. पुढे काही दिसले, मेंदूला कळले, हात-पाय ब्रेकवर गेले आणि गाडी थांबली, याला पंचेचाळीस मीटर तरी लागतात. डिपरवर मोटारसायकलचा कामाचा उजेड तीस-चाळीस मीटरचा. त्यात समोरून कोणी फुल्ल लाइट मारीत आला तर तेवढाही नाही. म्हणजे ट्रॉली दिसते तेव्हा वेळ संपलेली असते. पोरगा दारू प्यालेला असो की नसो, हे गणित बदलत नाही.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, आणि पाच अपघातांतला साधारण एक मागून धडक बसल्याचा होता.

आमच्यातले काहीजण म्हणतात, हे सगळे आरटीओचे खूळ आहे, दिवा नाही म्हणून अडवायचे आणि खिसा चाचपायचा. खिसा चाचपणाऱ्याशी भांडायला आम्ही कधी मागे राहिलो नाही आणि राहणारही नाही. पण ते भांडण वेगळे. दिवा काही सरकारसाठी लावायचा नसतो. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह किंवा महिना येतो, उसाच्या ट्रॉल्यांना कारखान्याच्या दारात लाल पट्ट्या चिकटवतात, फोटो निघतात. पत्रा न पुसता चिकटवलेली पट्टी पंधरा दिवसांत गळून पडते. पट्टी लावायचीच तर पत्रा थिनरने पुसून, वाळवून लावा. रॉकेलने पुसू नका, त्याचा तेलकटपणा राहतो. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. पण पट्टी दुसऱ्याच्या उजेडावर चमकते. मोटारसायकलचा दिवाच मिणमिणता असेल तर पट्टीही मिणमिणतीच. ट्रॉलीला स्वतःचा उजेड हवा.

आता खरी गोष्ट. पुष्कळांच्या ट्रॉलीला दिवे आहेत, पण लागत नाहीत. मालक म्हणतो बल्ब गेला. नवा घालतो, तो दोन दिवस लागतो आणि पुन्हा जातो किंवा डोळे मिचकावतो. दहातल्या आठ वेळा दोष बल्बचा नसतो, अर्थिंगचा असतो. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत वीज न्यायला एक वायर टाकलेली असते आणि परतीचा रस्ता म्हणून हुकाच्या पिनेवर भरवसा ठेवलेला असतो. त्या पिनेला गंज, ग्रीस आणि माती. ट्रॉली हलली की स्पर्श तुटतो. खात्री करायची असेल तर एक लांब वायर घेऊन तिचे एक टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरे दिव्याच्या बुडाच्या पत्र्याला लावा. दिवा लखलखला तर रोग सापडला. उपाय एकच : सॉकेटमधून अर्थिंगची वेगळी वायर थेट प्रत्येक दिव्यापर्यंत न्यायची.

वायर कोणती? घरातल्या घंटीची नव्हे. मागचा लाल बल्ब ५ वॉटचा, ब्रेकचा २१ वॉटचा. दोन्ही बाजूंचे मिळून ५२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाचार अँपिअर. बारीक वायरीत एवढी वीज गेली की वायर तापते आणि दिवा मंद होतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, अर्थिंगची अडीचची. सात पिनांचा सॉकेट बसवा. मिस्त्री रंग बघून जोडू लागला तर त्याला थांबवा. रंग कंपनीगणिक बदलतात, टेस्ट लॅम्प लावून एकेक पिन पाहूनच जोडायची. आणि फ्यूज विसरू नका. ज्याने ट्रॉलीवर कापूस भरला आहे त्याने तर मुळीच नाही. सोललेली वायर पत्र्याला घासून ठिणगी पडली तर दिवाही जातो, ट्रॉलीही जाते आणि वर्षाचे उत्पन्न चांदवडच्या राहूड घाटात धूर होऊन जाते.

जमत असेल तर एलईडीचे दिवे घ्या. त्यात तार नसते, म्हणून खडखडाटाने तुटत नाही. वीज थोडी लागते आणि तापतही फार नाहीत. मात्र जुन्या फ्लॅशरवर इंडिकेटर एक तर भराभर उघडझाप करतो नाही तर नुसता पेटून राहतो. एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर सोबत घ्यावा. हे सगळे सामान एक क्विंटल कापसाच्या पैशात बसून पैसे उरतात. २०२४-२५ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. तो कितीजणांच्या पदरात पडला हा प्रश्न इथे नको.

कडबा वाहणाऱ्यांची अडचण निराळी. पेंढ्या मागे हातभर लोंबतात आणि चांगले लागलेले दिवे त्यांच्या आड जातात. कापसाची ताडपत्रीही तेच करते. त्यासाठी ट्रॉलीच्या रुंदीची लाकडी फळी घ्या, तिच्या दोन टोकांना दोन दिवे बसवा, पाच-सहा हात जादा वायर ठेवा आणि माल भरून झाला की फळी मालाच्या बाहेर दोराने बांधा. रिकामी ट्रॉली असेल तेव्हा फळी फाळक्याला. दिवे दोन्ही टोकांना हवेत. एकच दिवा लागला तर मागच्याला वाटते मोटारसायकल चालली आहे, आणि तो बिनदिव्याच्या कोपऱ्यात घुसतो.

आणखी एक वाईट खोड. मागे लाल दिवा नाही म्हणून काहीजण नांगरणीचा पांढरा दिवा रस्त्यावर लावून ठेवतात. मागून येणाऱ्याला वाटते, समोरून कोणी येत आहे. तो दिवा शेतात लावा. पंक्चर झाले की मागे दगड मांडून ठेवण्याची पद्धतही आपल्याकडे जुनी. चाक बदलून आपण निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. दगड मांडू नका, मांडलेच तर उचलून मग गाडी हलवा.

बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यात उभी होती आणि कोणी आदळून मेला, की दावा चालताना पहिला प्रश्न दिव्याचा निघतो. आदळणाऱ्याचा वेग किती होता ते नंतर. ट्रॉलीत बसून आलेल्या माणसांना तर विमा कंपनी हात वर करून दाखवते. बैठकीला माणसे ट्रॉलीत भरून आणू नका असे आम्ही वारंवार सांगतो, ते याच्यासाठी.

तरीही बैठकीला सामानाच्या ट्रॉल्या येणारच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असे म्हटले आहे. बैठक संपली, अंधार पडला, की निघण्याआधी प्रत्येक ट्रॅक्टरवर एकाने बसावे, दुसऱ्याने ट्रॉलीच्या मागे मोजून दोनशे पावले जावे आणि तिथून ओरडून सांगावे : लाल दिसतो का, ब्रेक दाबल्यावर वाढतो का, उजवा इंडिकेटर उजवीकडेच लागतो का. ज्याचा लागत नाही त्याने मुक्काम करावा आणि सकाळी निघावे. जेवणाची सोय आहे. टेस्ट लॅम्प, फ्यूज आणि वायरचे एक भेंडोळे मांडवात ठेवलेले असेल.