पाणी न घालण्याची विद्या

अलीकडे ठाणें, कल्याण व डोंबिवली या बाजूस पुष्कळ घरांच्या गॅलरींत एक नवें झाड दिसूं लागलें आहे. त्याचें खोड तळाशीं सुरणाच्या गड्ड्याप्रमाणें फुगलेलें असतें. फांद्या आंखूड, पानें थोडीं आणि फुलें मात्र गुलाबी, तांबडीं व टपोरीं. नर्सरींत त्याला अडेनियम म्हणतात. कोणी वाळवंटांतील गुलाब असेंही म्हणतात. हें झाड विकणारा गिऱ्हाइकास बहुधा एकच गोष्ट सांगतो कीं, याला पाणी फारसें लागत नाहीं. आणि घेणाराही तेवढ्यावर संतुष्ट होऊन कुंडी घरीं नेतो. आमच्या मतें हें सांगणें खरें असलें तरी अर्धवट आहे, आणि या अर्धवटपणामुळेंच पावसाळ्यांत अशीं कित्येक झाडें आपल्या भागांत कुजून मरतात. म्हणून या झाडाविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगावे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें झाड मूळचें कोठलें व कोणत्या कुळांतलें, तें पाहूं. नांवांत गुलाब असला तरी गुलाबाशीं याचें कांहीं नातें नाहीं. हें कण्हेरीच्या कुळांतलें आहे; चाफा, तगर, सदाफुली व रुई हीं याचीं भावंडें. आफ्रिकेंत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यांत, सोमालिया व केनिया या देशांत, आणि अरबस्तानच्या दक्षिण भागांत तें रानांत आपोआप वाढतें. डेन्मार्कच्या राजानें १७६१ सालीं विद्वानांची एक मंडळी अरबस्तानांत पाठविली होती. तींत पेटर फॉर्स्कोल नांवाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. हा प्रसिद्ध लिनिअसचा शिष्य. यमन देशांत हें झाड पाहून त्यानें त्याला जें लॅटिन नांव दिलें, त्याचा अर्थ ‘लठ्ठ कण्हेर’ असा होतो. १७६३ सालीं फॉर्स्कोल यमनमध्येंच तापानें वारला. त्या मंडळीपैकीं कार्स्टेन निबूर हा एकटाच जिवंत स्वदेशीं परत गेला. वाटेंत तो मुंबईस वर्षभराहून अधिक राहिला व घारापुरीच्या लेण्यांचीं चित्रें त्यानें काढलीं. त्यानेंच पुढें १७७५ सालीं आपल्या मृत सोबत्याचीं टिपणें छापून प्रसिद्ध केलीं, आणि हें झाड जगास माहीत झालें.

१८१९ सालीं याला अडेनियम हें निराळें नांव मिळालें. त्यांत एडनचें नांव आहे, असें सामान्यतः मानितात. एडन हें शहर मराठी वाचकांस अगदींच परकें नाहीं. १८३९ सालीं इंग्रजांनीं तें घेतल्यावर पुष्कळ वर्षें त्याचा कारभार मुंबईहून चालत असे, आणि वासुदेव बळवंत फडके यांचा अंत १८८३ सालीं तेथल्याच तुरुंगांत झाला.

आतां त्या प्रदेशाची व आपल्या प्रदेशाची तुलना करूं. एडनला वर्षाकाठीं दोन इंचांच्या आसपास पाऊस पडतो. ठाण्याच्या बाजूस सुमारें शंभर इंच पडतो, आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सदतीस इंचांहून अधिक पाऊस झाला. एडनला तेवढा पाऊस पडावयास पंधरा-वीस वर्षें लागावयाचीं! अशा कोरड्या देशांतून आलेल्या पाहुण्यास आपण उल्हास नदीच्या कांठीं उघड्यावर बसवावें आणि मग ‘हें झाड चिवट आहे असें म्हणाले होते’ म्हणून आश्चर्य करावें, हा न्याय नव्हे.

या झाडाचें तें फुगलेलें खोड म्हणजे त्याचा रांजण आहे. थोडाबहुत पाऊस पडला कीं मुळें पाणी ओढून त्यांत भरून ठेवितात, आणि पुढील कोरड्या महिन्यांत झाड त्यावर जगतें. पाणी फारच कमी पडलें तर तें पानेंही टाकून देतें व नुसत्या खोडानिशीं स्वस्थ बसतें. आपल्या डोंगरांवरील निवडुंग व थोर हेही खोडांत पाणी सांठवितात. तेव्हां ही युक्ति आपल्यास नवी नाहीं. परंतु भरलेल्या रांजणांत कोणी सारखें पाणी ओतीत राहिलें तर काय होईल? माती सदैव ओली राहिली कीं मुळांस हवा मिळत नाहीं, बुरशी आंत शिरते व खोड आंतून सडूं लागतें. वरून पानें हिरवीं दिसतात, एखादें फूलही असतें. आणि खोड बोटानें दाबून पाहावें तर तें मऊ लागतें. तोंपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

यावरून या झाडाच्या जोपासनेचे नियम सहज निघतात. कुंडी मातीची असावी व तिला तळाशीं चांगलीं मोठीं भोकें असावींत. नुसती काळी माती घालूं नये. जाड रेती व विटांचे बारीक तुकडे अधिक, आणि चांगलें कुजलेलें खत थोडें, असें मिश्रण करावें, म्हणजे घातलेलें पाणी पाहतां पाहतां खालीं निघून जातें. रोज पांच-सहा तास तरी ऊन मिळेल अशी जागा द्यावी. उन्हावांचून हें झाड वाढेल, पण फुलणार नाहीं. उन्हाळ्यांत माती बोटभर खोल कोरडी झाली म्हणजे भरपूर पाणी द्यावें व पुन्हां कोरडी होईपर्यंत थांबावें. पावसाळा लागतांच कुंडी छपराखालीं घ्यावी. थंडींत पानें गळूं लागलीं तर घाबरून झारी घेऊन धावूं नये. तो त्याच्या विश्रांतीचा काळ आहे. कुंडीखालीं बशी ठेविली असेल तर तींत पाणी सांचूं देऊं नये. सडण्यास नुकताच आरंभ झाला असेल, तर मऊ भाग निरोगी भाग लागेपर्यंत कापून टाकावा, झाड सावलींत कांहीं दिवस सुकूं द्यावें, आणि मग नव्या कोरड्या मिश्रणांत लावावें. कित्येक वेळां तें वांचतें.

आतां जें मुख्यतः सांगावयाचें तें सांगतों. ज्या झाडास पाणी कमी लागतें त्यास काळजीही कमी लागते, अशी आपली समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे. जास्वंदीस रोज पाणी घालणें सोपें आहे. त्यांत विचार करावा लागत नाहीं, हातास संवय पुरते. परंतु अडेनियमला आज पाणी घालावें कीं न घालावें, हें रोज पाहून ठरवावें लागतें: मातीस हात लावून, खोड दाबून, आभाळाकडे पाहून. पाणी न घालणें हीही एक जोपासनाच आहे, आणि ती अधिक कठीण आहे. कारण कांहीं न करितां लक्ष ठेवणें माणसास जड जातें. हीं झाडें दुर्लक्षानें जितकीं मरतात, त्यांहून अधिक मायेनें मरतात. आई सकाळीं पाणी घालते, आजोबा दुपारीं घालतात, आणि शाळेंतून आलेलें मूल संध्याकाळीं आपल्या वांट्याची झारी ओततें! म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, घरांत असें झाड आणल्यास तें एका मुलाच्या किंवा मुलीच्या स्वाधीन करावें आणि इतरांनीं त्यास हात लावूं नये. झाड कोमेजलें तर मूल आपण होऊन कारण शोधील. आपण मध्यें पडून त्याचें शिकणें हिरावून घेऊं नये.

कोणी म्हणेल, आपल्या देशांत फुलांची वाण आहे काय, कीं आफ्रिकेंतलें झाड आणावें? या आक्षेपांत तथ्य आहे, पण पुरतें नाहीं. आपला झेंडू मेक्सिकोकडचा, सदाफुली मादागास्कर बेटांतली, आणि देवळापुढें फुलें ढाळणारा पांढरा चाफा अमेरिकेंतला. त्यांस आज कोणी परकें म्हणत नाहीं. पाहुणा कोठला यापेक्षां त्याची सोय आपल्या घरीं होते कीं नाहीं, हा खरा प्रश्न. अडेनियमची सोय कुंडींत व छपराखालीं होते. उघड्या जमिनींत होत नाहीं. म्हणून इमारतींच्या आवारांत शोभेसाठीं तें जमिनींत लावण्याची जी हौस दिसते, ती आम्हांस पसंत नाहीं. तेथें आपली कोरांटी लावावी, कण्हेर लावावी. हीं झाडें शंभर इंच पाऊसही सोसतात आणि मे महिन्यांतील कोरडही सोसतात.

आवारांचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगणें भाग आहे. गॅलरींत अडेनियमची एक कुंडी ठेविल्यानें शहराचें पाणी वांचतें, असें कोणी म्हणेल तर तें आम्ही मानीत नाहीं. एका कुंडीनें कितीसें वांचणार? तीच इमारत खालीं हिरवळ राखण्यासाठीं उन्हाळ्यांत तासन् तास पाईप सोडीत असेल, तर वरच्या मजल्यावरील वाळवंटी झाड ही केवळ शोभा होय. शहापूर तालुक्यांत तानसा व भातसा हीं मोठीं धरणें आहेत. त्यांचें पाणी दूरच्या शहरांकडे जातें, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत बायामुली डोक्यावर हंडे घेऊन पायपीट करितात व टँकरची वाट पाहतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये. परंतु ज्या मुलानें एका कुंडीपाशीं ‘आज पाण्याची गरज आहे काय?’ असें विचारावयाची संवय लावून घेतली, तें मूल उद्यां मोठें होऊन सोसायटीच्या सभेंत हिरवळीविषयींही तोच प्रश्न विचारील, अशी आम्हांस आशा आहे. झाडाचा खरा उपयोग तो.

एका बाबतींत मात्र सर्वांनीं सावध राहिलें पाहिजे. कण्हेरीप्रमाणें या झाडाचाही चीक विषारी आहे. आफ्रिकेंतील कांहीं शिकारी जमाती बाणांच्या टोंकांस लावण्याचें विष यापासून करीत आल्या आहेत. म्हणून ज्या घरांत रांगणारें मूल आहे, किंवा पानें चघळणारें मांजर वा कुत्रें आहे, तेथें ही कुंडी त्यांच्या आवांक्याबाहेर ठेवावी. फांदी छाटतांना हातमोजे घालावे, नंतर हात साबणानें धुवावे, आणि चीक लागलेला हात डोळ्यांस लावूं नये. गंमत अशी कीं, जें विष आपल्यास घातक, तेंच पान एक हिरवा, जाडजूड सुरवंट आनंदानें खातो. त्याच्या अंगावर डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असतात, आणि पुढें त्याचा हिरव्या रंगाचा सुंदर पतंग होतो. तो दिसला तर लगेच मारूं नये. कांहीं पानें गेलीं तरी झाड मरत नाहीं, आणि निसर्गशास्त्राचा एक धडा घरबसल्या होतो.

शेवटीं विद्यार्थ्यांस एवढेंच सांगतों. लठ्ठ खोडाचें, कलम केलेलें महाग झाड आणून मिरवूं नका. त्याच्या शेंगा जोडीनें येतात व बियांस दोन्ही टोंकांस रेशमासारखे केसांचे झुबके असतात. अशा चार बिया शेजाऱ्यांकडून मागून घ्या आणि रेतींत पेरा. खोड फुगावयास कांहीं वर्षें लागतील. तीं लागूं द्या. मे महिन्याच्या सुट्टींत तुम्ही गांवीं गेलां आणि परत येऊन पाहतां तों झाड उभें असलें, तर तें आपल्या शिदोरीवर जगलें असें समजा. आणि जूनचा पहिला पाऊस आला कीं शाळेचें दप्तर भरण्यापूर्वीं ती कुंडी आधीं छपराखालीं घ्या.