शटर, स्प्रिंग आणि पप्पा

उस्मानाबादचं धाराशिव झालं २०२३ मध्ये, पण आमच्या घराचं शटर अजून उस्मानाबादच्याच काळातलं. मागच्या वीकेंडला त्याची स्प्रिंग तुटली. गाडी आत, आणि मला संध्याकाळी पुण्याला निघायचं!

रोलिंग शटर आपण एका हाताने उचलतो ते जिमच्या जोरावर नाही, मंडळी. वरच्या पाइपवर पोलादी पट्टीच्या स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढलं की त्या पिळल्या जातात. वर नेताना तोच पीळ वजन पेलतो. एक तुटली की सगळा भार उरलेल्यांवर. अशा शटरखालून वाकून जाणं म्हणजे नसतं धाडस.

पप्पा मात्र पाना घेऊन स्टुलावर! घरातलं सगळं त्यांनीच दुरुस्त केलेलं, अगदी मिक्सरसुद्धा. पण पीळ न सोडता बोल्ट ढिला केला, तर पाइप गर्रकन फिरतो आणि हाताची वाट लावतो. म्हटलं, "पप्पा, तुम्ही आधी खाली उतरा." आवाज जरा चढलाच माझा.

शटरवाले दोघं आले. एकाने पाइप पान्यात घट्ट धरला, हळूहळू पीळ सोडला, मगच बोल्टला हात. स्प्रिंगा सगळ्याच बदलल्या, कारण जुन्याही तेवढ्याच थकलेल्या. पप्पा शेजारी उभे राहून सूचना देत होते. मी अडवलं नाही.