हौसेला मोल नसते, पण जिवाला असते



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आमच्या शाळेत वर्षानुवर्षे लिहिला जातो. गाय, कुत्रा, मांजर, पोपट ही त्यातली ठरलेली मंडळी. अलीकडे मात्र वह्यांमध्ये एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. त्याचे नाव चिंचिला. मुले त्याला मोबाइलवर पाहतात, त्याचे कापसासारखे अंग त्यांना मोहवते आणि वाढदिवस जवळ आला की घरात हट्ट सुरू होतो. मुलांच्या कौतुकाला आमची हरकत नाही. पाहिले, आवडले, आणले या घाईला मात्र आहे.

चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा रहिवासी. थंड, कोरड्या, खडकाळ उंचीवर राहणारा, उंदराच्या जातकुळीतला, वजनाने अर्ध्या किलोच्या आसपास. त्याच्या केसांच्या एकेका मुळातून पन्नास-साठ केस निघतात. हीच मऊ लोकर त्याच्या मुळावर आली. एका कोटासाठी शंभराहून अधिक कातडी लागत. शिकार इतकी झाली की 1910 मध्ये चिली, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना या देशांना ती थांबवण्यासाठी करार करावा लागला. 1923 मध्ये मॅथायस चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्याने अकरा चिंचिला चिलीहून कॅलिफोर्नियाला नेले. प्रवासात त्यांना गारवा मिळावा म्हणून बर्फाची सोय करावी लागली होती. आज घरोघरी पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्या अकरांचेच वंशज मानले जातात. रानातले चिंचिला मात्र आजही संकटग्रस्त यादीत आहेत.

आता हा प्राणी आमच्या इंदूरमध्ये आणून पाहा. पंचवीस अंशांच्या वर पारा गेला की त्याला त्रास होऊ लागतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात चाळीस अंश ही नित्याची गोष्ट आहे. त्याला घाम येत नाही आणि अंगावर ती दाट लोकर. म्हणजे उन्हाळाभर दिवसरात्र एसी हवा, आणि भर दुपारी लाइट गेली तर जीव धोक्यात. पाण्याने आंघोळ घालावी तर लोकर लवकर वाळत नाही. त्याला खास बारीक धुळीत लोळू द्यावे लागते. दात जन्मभर वाढतात, म्हणून सतत वाळलेले गवत चावायला हवे. लाडाने दिलेला काजू-बदाम त्याचे पोट बिघडवतो. दिवसा तो झोपतो आणि मुले झोपली की जागा होतो. कुणी घट्ट धरले तर घाबरून केसांचा पुंजका सोडून निसटतो. मांडीवर घेऊन बसण्याचा हा प्राणीच नव्हे.

पालकांनी सर्वात जास्त विचार करावा तो त्याच्या आयुष्याचा. चिंचिला दहा ते पंधरा वर्षे सहज जगतो, कधी वीसही. पाचवीतल्या मुलासाठी आणलेला प्राणी तो मुलगा नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेल्यावरही घरीच असेल. मग त्याचे सारे करणार कोण? उत्तर प्रत्येक घरात एकच आहे : आई, नाहीतर आजी.

हे काही आजचेच नाही. 2003 मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग कुत्रा आला आणि देशभर पगची मागणी वाढली. चपट्या नाकामुळे त्या जातीला उन्हाळ्यात श्वास घेणे जड जाते, हे जाहिरातीत कुठे दिसणार? 2010 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी हॅरी पॉटरच्या नादाने मुले घुबड मागतात, अशी चिंता व्यक्त केली होती. नाण्याएवढे म्हणून विकले जाणारे लाल कानाचे अमेरिकन कासव थाळीएवढे होते, वीस-तीस वर्षे जगते आणि कंटाळलेले लोक ते तळ्यात सोडतात. तिथे ते स्थानिक कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. आमचा सिरपूर तलाव 2022 मध्ये रामसर यादीत आला. नको झालेले प्राणी सोडण्याची ती जागा नव्हे.

कायदाही लक्षात ठेवावा. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो आजोबांच्या काळापासूनचा रिवाज का असेना. परदेशी प्राण्यांपैकी अनेक जातींची सरकारकडे नोंद करावी लागते, आणि 2018 च्या नियमांप्रमाणे प्राण्यांच्या दुकानालाही नोंदणी सक्तीची आहे. जो दुकानदार कागद दाखवत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नये.

काही पालक म्हणतात, प्राणी पाळल्याने मुलांमध्ये दया येते, जबाबदारी येते. आम्हाला हे पूर्ण मान्य आहे. पण दया विकत आणावी लागत नाही. आपल्या घरांत गोग्रास आणि काकबळी काढण्याची रीत होती. पानावर बसण्याआधी दुसऱ्या जिवाची आठवण ठेवणे हाच तिचा अर्थ. उन्हाळ्यात गच्चीवर पक्ष्यांसाठी पाण्याचा सकोरा ठेवा आणि तो रोज धुऊन भरण्याचे काम मुलाला द्या. तीन महिने त्याने ते न सांगता केले, तर प्राण्याचा विचार जरूर करा. तेव्हाही आधी गल्लीतले देशी पिल्लू पाहा. माळव्याचे ऊन त्याला ठाऊक आहे. लस टोचून घ्या. दिवाळीत मामाकडे नागपूरला गेल्यावर त्याला कोण सांभाळणार, हे आणण्यापूर्वी ठरवा.

शेवटी विश्वस्त मंडळाला एक विनंती. या वर्षीच्या आनंदमेळ्यात रंगवलेली कोंबडीची पिल्ले आणि पिशवीतले मासे बक्षीस देणारा स्टॉल लावावा, अशी सूचना आली आहे. त्यातून इमारत निधीला हातभार लागेल, हे आम्ही जाणतो. गळणाऱ्या वर्गांत आम्हीच बसतो. तरीही तो स्टॉल नसावा असे आमचे स्पष्ट मत आहे. रिंग टाकून जिंकलेला मासा घरी पोहोचेपर्यंत तडफडतो आणि मुलाला त्या दिवशी धडा मिळतो तो एवढाच, की जीव ही दहा रुपयांची वस्तू आहे. वर्गात आम्ही वर्षभर जे शिकवतो, ते एका संध्याकाळी पुसले जाऊ नये. त्याऐवजी पशुवैद्यांना बोलावून मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा एक कोपरा ठेवावा. निधीची तूट भरून काढण्यासाठी आम्ही शिक्षक मंडळी खाऊचा आणखी एक स्टॉल चालवायला तयार आहोत.

मुलांनो, चिंचिला आवडत असेल तर त्याचे चित्र काढा, अँडीज नकाशात शोधा, त्याच्यावर निबंधही लिहा. जो आपल्याला आवडतो, तो जिथे सुखी आहे तिथेच राहावा असे वाटणे, यालाही प्रेमच म्हणतात.